फिरत्या लॅबमध्ये फोटॉन: क्वांटम फिजिक्सची नक्की काय टेस्ट होते?

प्रश्न आलाय इथल्याच एका एमएस्सी फिजिक्सच्या मुलीकडून. ती म्हणते, "सर, रिलेटिव्हिटी शिकवताना सगळं इनर्शियल फ्रेममध्ये असतं, क्वांटमच्या पेपरात तर फ्रेमचं नावच निघत नाही. मग लॅबच गरगर फिरत असेल किंवा तिला त्वरण असेल तर एन्टँगलमेंट टिकते का? प्रकाश वापरून कोणी हे खरंच तपासलंय का? आणि नाशिकमध्ये बसून यातलं काही प्रोजेक्टला घेता येईल का?"

एन्टँगलमेंट, म्हणजे दोन कणांची मिळून एकच असलेली क्वांटम अवस्था, टिकते, तपासलंय, आणि प्रोजेक्ट होऊ शकतो. पण एवढ्यावर सोडलं तर तुझा घोटाळा होईल, कारण या विषयावर ज्या बातम्या येतात त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकलेल्या असतात: साध्या प्रकाशानेही येणारा परिणाम, "काही बिघडलं नाही" एवढीच मर्यादा, आणि थिअरी खरोखर पडू शकेल अशी टेस्ट. मी बरीच वर्षं फायबर गायरो (फायबरमधल्या प्रकाशाने फिरणं मोजणारं यंत्र) आणि फोटॉन मोजण्याच्या कामात घालवली आहेत आणि मला यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच वाटतो: हा प्रयोग केला आणि आकडा वेगळा आला असता, तर कोणती थिअरी पडली असती? हे आधी ठरव, मग पेपर वाच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. स्पेशल रिलेटिव्हिटी फक्त इनर्शियल फ्रेमपुरती (म्हणजे जिला त्वरण नाही आणि जी फिरत नाही अशी लॅब) चालते असं खूप जण शिकवतात, ते बरोबर नाही. त्वरण असलेली वस्तू, फिरतं टेबल, हे सगळं स्पेशल रिलेटिव्हिटीत बसतं, त्यासाठी जनरल लागत नाही, फक्त समीकरणं जरा लांबतात. आणि इनर्शियल नसलेली लॅब शोधायला कुठे जायला नको, तू बसली आहेस तीच तशी आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे नाशिक ताशी साधारण १५७० किलोमीटरने पूर्वेकडे चाललंय आणि ते सरळ रेषेत नाही, गोल. म्हणजे आजवर जगात टेबलावर झालेला प्रत्येक क्वांटम प्रयोग थोडाफार इनर्शियल नसलेल्या फ्रेममध्येच झालाय, तो परिणाम इतका लहान की बहुतेकांनी लक्ष दिलं नाही एवढंच.

आता प्रकाश. इथे सगळं सुरू होतं सॅन्याक इफेक्टपासून. एक बंद वाट घे, एकाच ठिकाणाहून प्रकाशाचे दोन भाग कर, एक उजवीकडून एक डावीकडून पाठव. वाट स्थिर असेल तर दोघं एकदमच परत येतात. वाट फिरत असेल तर, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला दोघं उलट दिशांनी निघाले आणि मधल्या वेळात निघायची जागाच थोडी पुढे सरकली तर काय होईल तेच होतं, एकाला जास्त चालावं लागतं. वेळेतला फरक म्हणजे चार गुणिले क्षेत्रफळ गुणिले फिरण्याचा वेग, भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. बस, एवढंच सूत्र.

जॉर्ज सॅन्याकने हे १९१३ मध्ये फिरत्या टेबलावर दाखवलं आणि तो म्हणाला की बघा, ईथर (प्रकाश ज्यातून चालतो असं तेव्हा मानलेलं माध्यम) सापडला. गंमत अशी की माक्स फॉन लाउए यांनी १९११ मध्येच दाखवून दिलं होतं की रिलेटिव्हिटीनेही फरक तेवढाच येतो. म्हणजे प्रयोग उत्तम, मोजमाप बरोबर, आणि तरी त्यातून ईथर की रिलेटिव्हिटी हे ठरतच नाही. मी तो प्रश्न सारखा का धरून बसतो ते यावरून कळेल. आज कोणी "फिरत्या फ्रेममध्ये क्वांटमची टेस्ट" म्हणून नुसता सॅन्याकचा फेज (दोन लाटा एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत तो फरक) दाखवत असेल तर ती क्वांटमची टेस्ट नाही, साध्या लेझरनेही तोच फेज येतो, विमानातल्या रिंग लेझर गायरोत रोज येतो.

या सूत्रात अजून एक गोष्ट आहे जी मला आजही सुंदर वाटते. त्यात काचेचा अपवर्तनांक नाही. फायबरमध्ये प्रकाश जवळपास दीडपट हळू चालतो, मग त्याला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात टेबल जास्त फिरतं, म्हणजे फरक वाढायला हवा ना? पण फायबरही टेबलाबरोबर फिरतंय आणि हलती काच प्रकाशाला थोडं स्वतःबरोबर ओढून नेते, वेगांची बेरीज रिलेटिव्हिटीच्या नियमाने केली की दोन्ही परिणाम बरोबर कटतात आणि हवेत असो की काचेत, फरक सारखाच राहतो. हे स्वतः कागदावर करून बघ, अर्ध्या पानाचं काम आहे, पण एकदा केलं की फिरती फ्रेम म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसतं.

मग क्वांटम कुठे शिरतं? एकेक फोटॉन सोडला तरी सरासरीने लेझरसारखंच चित्र येतं, त्यामुळे खरी मजा दोन फोटॉनपासून. १९८७ मध्ये हाँग, ओऊ आणि मॅंडेल यांनी दाखवलं की अगदी एकसारखे दोन फोटॉन बीम स्प्लिटरवर (अर्धा प्रकाश आरपार सोडणारी, अर्धा परत फिरवणारी काच) दोन बाजूंनी एकाच वेळी आले तर ते नेहमी एकाच दाराने बाहेर पडतात. दोन दारांवर दोन डिटेक्टर लावले तर दोघं एकदम वाजतच नाहीत, कॉइन्सिडन्स काउंट खाली पडतो, त्याला सगळे "डिप" म्हणतात. क्लासिकल प्रकाशाने हा डिप निम्म्यापेक्षा खाली नेता येत नाही, म्हणजे इथे क्वांटमची सही स्पष्ट दिसते. आणि हा डिप फेजवर अवलंबून नसतो, दोघं एकाच वेळी पोचले का यावर असतो.

२०१९ मध्ये ग्लासगोच्या गटाने (पॅजेट, फॅचिओ आणि त्यांचे सहकारी) हेच फिरत्या प्लॅटफॉर्मवर नेलं. जोडीतला एक फोटॉन फायबरच्या रिळात फिरण्याच्या दिशेने, दुसरा उलट, मग दोघांची गाठ बीम स्प्लिटरवर. फिरवलं की डिपची जागा सरकते, उलट फिरवलं की उलटीकडे सरकते. किती सरकते याचा अंदाज यावा म्हणून माझं उदाहरण घे: १०० मीटर फायबर, साधारण १ मीटर व्यासाचं रीळ, सेकंदाला एक फेरा. सगळ्या वेढ्यांचं मिळून क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, वेळेतला फरक ७ फेम्टोसेकंद, अंतरात सांगायचं तर सुमारे २ मायक्रॉन. डिप स्वतः मात्र काही दहा मायक्रॉन रुंद असतो, म्हणजे रुंद दरीचा मध्य दोन मायक्रॉनने हलला हे ओळखायचंय, तेही टेबल गरगरत असताना, फायबरवर ताण येत असताना, मोटर थरथरत असताना. इथे सगळा भरवसा एकाच गोष्टीवर असतो: दिशा उलटवणं. ताण, तापमान, थरथर यांना दिशा कळत नाही, सुलट आणि उलट फिरवलं तरी ते ढोबळमानाने सारखेच राहतात, सॅन्याकचं चिन्ह मात्र बदलतं. दोन्ही रीडिंगची वजाबाकी केली की जे उरतं ते आपलं. पेपर वाचताना मी सगळ्यात आधी हेच शोधतो की उलट दिशेचा डेटा कुठे आहे, तो नसेल तर पुढे वाचायची घाई करत नाही.

मग या प्रयोगात काय पडू शकलं असतं? दोन फोटॉनचं एकमेकांत मिसळणं हे क्वांटम फील्डचं वागणं आहे, आणि फिरत्या फ्रेममध्ये ते तसंच राहून फक्त उशिराचा हिशोब बदलतो असं आपण धरतो. डिप उथळ झाला असता किंवा भलतीकडे सरकला असता तर या धरण्याला धक्का बसला असता. तो बसला नाही. याच गटाने पुढे २०२३ मध्ये असंही दाखवलं की यांत्रिक फिरण्याने जोडीचं वागणं एकत्र बाहेर पडण्याकडून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडण्याकडे नेता येतं. मला हे जास्त आवडलं, कारण इथे फिरणं नुसतं घड्याळ मागेपुढे करत नाही, एन्टँगलमेंट कुठल्या रूपात समोर येते ते बदलतं.

त्याच्या आधी, २०१७ मध्ये, व्हिएन्नाच्या गटाने वेगळा रस्ता धरला होता. एन्टँगल्ड फोटॉनचा सोर्स, डिटेक्टर, सगळं एका पेटीत, ती पेटी एकदा वरून सोडून दिली, एकदा लांब हातावर बांधून गरगर फिरवली, आणि ३० मिली जी पासून ३० जी पर्यंतच्या त्वरणात (१ जी म्हणजे पृथ्वीवरचं गुरुत्वीय त्वरण) एन्टँगलमेंट मोजत राहिले. मोजमापाच्या अचूकतेत काहीच बिघडलं नाही. इंजिनीअरिंग म्हणून हे जबरदस्त आहे. ऑप्टिकल टेबलावर सकाळी जमवलेलं अलाइनमेंट दुपारपर्यंत टिकत नाही हे ज्याने भोगलंय त्याला विचार, ३० जी मध्ये फायबरच्या तोंडावर फोकस धरून ठेवायचा म्हणजे काय. पण फिजिक्स म्हणून जपून वाच. ३० जी ला नेहमीची थिअरीही काहीच बदल सांगत नाही, त्यामुळे ही "एवढ्या त्वरणापर्यंत काही अनपेक्षित घडत नाही" अशी मर्यादा आहे. अशा मर्यादा लागतात, सॅटेलाइटवर सोर्स पाठवायचा तर लाँचच्या वेळी काय सोसावं लागेल हे आधी माहीत हवं, फक्त तिला त्याहून मोठं नाव देऊ नये.

इथेच उनरूचा विषय निघतो आणि बहुतेक मुलं तिथेच घसरतात. १९७६ मध्ये उनरू यांनी मांडलं की त्वरण असलेल्या निरीक्षकाला रिकामी जागासुद्धा थोडी गरम वाटेल. तुला १ केल्विन हवं असेल तर त्वरण लागतं २५ वर १९ शून्यं इतके मीटर प्रति सेकंद वर्ग. ३० जी ला ते तापमान येतं एका केल्विनच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाएवढं. तेव्हा टेबल फिरवून किंवा पेटी टाकून कोणी उनरू इफेक्ट बघितला असं कुठे वाचलंस तर ते सोडून दे. शिवाय फिरणं आणि सरळ रेषेतलं एकसारखं त्वरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सॅन्याकवरून उनरूबद्दल काही निष्कर्ष निघत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग, २०२४ चा, पुन्हा व्हिएन्ना. टेबल फिरवायच्या भानगडीतच पडले नाहीत, पृथ्वी फिरतेच आहे. सुमारे १.४ मीटर बाजूच्या चौकोनी ॲल्युमिनियमच्या चौकटीवर २ किलोमीटर फायबर गुंडाळलं, एकूण क्षेत्रफळ ७१५ चौरस मीटर. त्यात एन्टँगल्ड जोडी अशा अवस्थेत सोडली की दोन्ही फोटॉन मिळून एकतर उजवीकडून जातात किंवा डावीकडून, आणि दोन्ही शक्यता एकदम जिवंत असतात. अशा जोडीला फेज दुप्पट मिळायला हवा. १५५० नॅनोमीटरच्या आसपास एका फोटॉनचा पूर्ण फेज मी काढला तर सुमारे २.८ मिलिरेडियन येतो, जोडीचा ५.६. हा आकडा दहा टक्क्यांत पकडायचा तर सगळं आदर्श असतानाही मोजलेल्या जोड्या लागतात ३० लाखांच्या वर, आणि आदर्श काही नसतं, तेव्हा तासन् तास काउंट घेत बसायचं आणि तेवढा वेळ २ किलोमीटर काच शांत ठेवायची.

पण पृथ्वी थांबवता येत नाही, मग शून्य कुठून आणायचं? त्यांनी फायबरचे दोन समान भाग केले आणि मधे ऑप्टिकल स्विच टाकला. स्विच एका बाजूला असेल तर दोन्ही भागांचं क्षेत्रफळ मिळून काम करतं, दुसऱ्या बाजूला असेल तर एकमेकांना कापतं. तेच फायबर, तेच तापमान, फक्त पृथ्वीचं फिरणं बटणावर चालू बंद! हीच अडचण मायकेलसन आणि गेल यांना १९२५ मध्ये आली होती. शिकागोजवळ त्यांनी ६१२ बाय ३३९ मीटरचा पाइपांचा आयत टाकला, हवा काढून घेतली आणि शून्य कळावं म्हणून शेजारी एक छोटा आयत ठेवला. हिशोबाने फ्रिंज (प्रकाश-अंधाराचा पट्टा) ०.२३६ ने सरकायला हवी होती, सरकली ०.२३० ने. मधे जवळपास शंभर वर्षं गेली तरी अक्कल तीच लागली, न थांबणाऱ्या गोष्टीसाठी शून्य स्वतः तयार करावं लागतं. आणि नवीन काय म्हणशील तर तो दुप्पट फेज. पृथ्वीच्या फिरण्याची छाप एका फोटॉनवर नाही तर एन्टँगल्ड जोडीवर मिळून पडते, हे तिथे दिसलं. इथे नेहमीची थिअरी खरोखर चुकीची ठरू शकली असती, म्हणून मी याला टेस्ट म्हणतो.

आता तुझ्या प्रोजेक्टकडे. एन्टँगल्ड सोर्सच्या मागे लगेच लागू नकोस, क्रिस्टल आणि निळा डायोड जमेलही, पण एकेक फोटॉन मोजणारे डिटेक्टर लाखांत जातात. आधी साध्या प्रकाशाने फायबरचं सॅन्याक उभं कर. १ किलोमीटर सिंगल मोड फायबर, ३० सेंटीमीटर व्यासाचं रीळ, क्षेत्रफळ ७५ चौरस मीटर. फायबर ब्रॉडबँडची लाइन टाकणाऱ्यांकडे मिळतं, उरलेलं रीळ बऱ्याचदा पडूनच असतं, आणि स्प्लायसिंग मशीनही त्यांच्याकडेच, कोणाशी ओळख काढून एका दुपारी सगळे जॉइंट करून घे. सोर्स मात्र लेझर डायोड नको, एसएलडी (सुपरल्युमिनेसंट डायोड) घे, कारण रुंद स्पेक्ट्रम असला की फायबरमधून मागे विखुरलेला प्रकाश उगाच फ्रिंज बनवत नाही. १५५० नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, तेव्हा चालू असताना फायबरच्या टोकात कोणी डोकावू नका.

ज्या दाराने प्रकाश आत गेला त्याच दाराने परत येणारा वाच, तरच दोन्ही दिशांची वाट तंतोतंत सारखी राहते. पण मग शून्याच्या जवळ सिग्नल सपाट असतो, थोडं फिरवलं तरी काही हलत नाही. त्यासाठी रिळाच्या एका टोकाला पीझो नळीवर (वीज दिली की किंचित फुगणारी नळी) काही वेढे घालून फेज हलवत ठेवायचा. १ किलोमीटरला प्रकाशाला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून तो १०० किलोहर्ट्झच्या आसपास हलव आणि लॉक-इनने (त्याच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तेवढा वेगळा काढणारं यंत्र) वाच. सोर्स, डिटेक्टर, बॅटरी सगळं फिरत्या टेबलावरच ठेव, बाहेरून फायबर किंवा वायर आणलीस तर पीळ पडणार. ३६ सेकंदांत एक फेरा इतकं हळू फिरवलं तरी फेज येतो ०.७ रेडियन, लपणार नाही. सुलट, उलट, थांबलेलं, असं आलटून पालटून घेत राहा.

ते नीट जमलं की टेबलाची मोटर काढून ठेव आणि पृथ्वी मोज. इथे नाशिकचा हिशोब व्हिएन्नासारखा नाही. आपण २० अंश अक्षांशावर आहोत, रीळ आडवं ठेवलंस तर पृथ्वीच्या फिरण्याचा जेमतेम ३४ टक्के भाग मिळतो. तेच रीळ उभं करून त्याचा अक्ष उत्तरेकडे केलास तर ९४ टक्के. म्हणजे इथे रीळ उभंच ठेवायचं. पूर्ण फेज सुमारे ०.३ मिलिरेडियन आहे, त्यातला ०.२८ उत्तरेला मिळेल, दक्षिणेला तोंड केलं की चिन्ह उलटेल, पूर्व-पश्चिमेला शून्य यायला हवं. शून्य तयार करायचा प्रश्न आपल्याकडे असा फुकटात सुटतो. मग आडवं ठेवून एकदा वर एकदा खाली तोंड करून घे, येईल साधारण ०.१. आडव्या आणि उभ्याचं गुणोत्तर म्हणजे अक्षांशाचा टॅन्जंट, ०.३६ च्या आसपास आलं तर तू खोलीच्या बाहेर न बघता नाशिकचा अक्षांश काढलास.

दोन शत्रू आहेत. एक तापमान. जानेवारीत आपल्याकडे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, रिळाचा एक भाग आधी तापला की तिथून एक बीम आधी जातो, दुसरा नंतर, आणि तापमानाचा बदल फिरण्यासारखा दिसतो. फायबर मधल्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना सारखं गुंडाळ, म्हणजे मधल्यापासून सारख्या अंतरावरचे वेढे शेजारी येतील, वर थर्माकोलची पेटी, आणि रीडिंग रात्री दोननंतर. तेव्हा रस्त्यावरची अवजड वाहनंही कमी असतात. दुसरा शत्रू जास्त लबाड आहे, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. तेही उत्तर-दक्षिणच आहे, आणि फायबरला पीळ असेल तर ते दोन दिशांत खोटा फेज टाकतं जो रीळ वळवल्यावर अगदी खऱ्या सिग्नलसारखाच बदलतो. म्हणून प्रत्येक दिशेला एकदा चुंबक जवळ नेऊन रीडिंग हलतं का बघ. हललं तर पोलरायझर (प्रकाशाच्या कंपनाची एकच दिशा पुढे सोडणारा) आणि पोलरायझेशन कंट्रोलर नीट बसव, नाहीतर डीपोलरायझर घाल, त्याशिवाय आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस.

एवढा डेटा हातात आला, चारही दिशांचा, चुंबकाच्या तपासणीसकट, की दोन फोटॉनचा भाग करायला डिटेक्टर असलेल्या लॅबचं दार वाजव. पुण्याला आयसरमध्ये क्वांटम टेक्नॉलॉजीचा हब आहे, बंगळुरूला रमण रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एन्टँगल्ड फोटॉनवर बरीच वर्षं काम चाललंय. "मला क्वांटममध्ये इंटरेस्ट आहे" अशी ईमेल त्यांना रोज येत असणार, सोबत स्वतः गुंडाळलेल्या रिळाचा नॉइज प्लॉट जोड. आणि पीझो नळी कोणती घ्यायची त्यावर अडलीस तर रिळाची लांबी आणि वेढ्यांचा व्यास पाठव, मी फ्रिक्वेन्सी काढून देतो.